लातूरच्या घरात एनएएस बसवला: डबा चांगलाय, परवानग्यांनी मात्र घाम फोडला

सात महिने झाले घरात एनएएस बसवून. म्हणजे घरच्या वायफायला जोडलेला हार्ड डिस्कचा डबा, त्यात सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवायच्या अन् कुठल्याही लॅपटॉप-मोबाइलवरून उघडायच्या. दोन डिस्क बसणारा आहे, ४-४ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, डबा अन् डिस्क मिळून ४५,००० च्या आसपास गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या भानगडी सांगणार आहे त्यातल्या निम्म्या माझ्या स्वतःच्या चुका आहेत अन् उरलेल्या थोड्याफार फरकाने कुठल्याही कंपनीच्या डब्यात भेटतील. डब्याला पाचपैकी चार स्टार. एक स्टार कुठं गेला ते सांगतोच.

आधी घर सांगतो, त्याशिवाय हे कळायचं नाही. मी हिशोबाची कामं करतो, आडतीवरचे बरेच व्यापारी आहेत, त्यांचा टॅलीचा डेटा माझ्याकडं असतो, महिन्याच्या ११ तारखेला अन् २० तारखेला जीएसटीचे रिटर्न भरताना घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. दादा लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो, तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या कार्डांचा ढीग सुरू. वहिनी क्लास घेतात, त्यांच्या प्रश्नपत्रिका. पुतण्या अकरावीला. आणि अण्णा, म्हणजे वडील, रिटायर झाल्यापासून जुने फोटो अन् शेताची कागदपत्रं स्कॅन करत बसतात. पाच माणसं, अकरा पेनड्राइव्ह, सात बाहेरच्या हार्ड डिस्क, अन् रोज एकच प्रश्न, "ती निळी डिस्क कुणी नेली?" त्याला कंटाळून हा डबा आणला.

बसवायला दुकानातला पोरगा आला. दुकानाचं नाव राहू द्या, पोरगा स्वभावाने चांगला होता, चहा घेतला, वीस मिनिटांत सगळं जोडून दिलं. दोन्ही डिस्क रेड वनमध्ये लावल्या, म्हणजे एकीची दुसरी आरसा. एक मोठं फोल्डर केलं 'डेटा' नावाचं, एकच युजर केला, पासवर्ड माझा मोबाइल नंबर, अन् पाचही जणांच्या लॅपटॉपवर ते झेड ड्राइव्ह म्हणून लावून दिलं. मी विचारलं परवानग्यांचं काय, तर म्हणतो, "घरचंच तर आहे ना सर, एव्हरीवनला फुल देऊन टाकलंय, काही अडचणच येणार नाही." आणि खरंच पहिले पाच आठवडे काही अडचण आली नाही. लई खूश होतो आम्ही. दादाने तर त्याच्या निम्म्या डिस्क रिकाम्या करून विकायला काढल्या.

मग एका रविवारी पुतण्याच्या लॅपटॉपवर लाल पट्टी दिसली, ड्राइव्ह भरलाय म्हणून. ती झेडची पट्टी होती, दादाचा सीझन चालू होता ना. पोराला वाटलं आपलाच लॅपटॉप भरला. त्याने आत जाऊन बघितलं, एक फोल्डर दिसलं 'वाडा' नावाचं, उघडून बघितलं तर सगळे करड्या रंगाचे जुने फोटो, आपलं तर नाही हे, मारलं डिलीट. विंडोजने विचारलं पण होतं की हे कायमचं जाईल बरं का. त्याने 'हो' म्हणून टाकलं. आपण तरी कुठं वाचतो.

आता 'वाडा' म्हणजे काय ते सांगतो. आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला त्यात आमचा दगड-मातीचा वाडा बसला. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं झोपली होती. घरचे वाचले, कारण त्या रात्री सगळे अंगणात होते, तो विषय वेगळा. ढिगाऱ्यातून एक पत्र्याची पेटी निघाली, तीत जुने फोटो. अण्णांनी त्यातले २१२ फोटो स्कॅन केले होते. मूळ फोटो आजही पेटीत आहेत, त्यामुळं फोटो गेले असं नाही. पण अण्णांनी प्रत्येक फाइलला नाव दिलं होतं, एका बोटाने, मराठीत टाइप करून. ओसरीवर कोण बसलंय, मागं कुणाची बैलजोडी आहे, कडेवरचं लेकरू कुणाचं. चार महिन्यांचं काम. ती नावं गेली.

मला आधी काही वाटलं नाही, म्हटलं रेड आहे ना, दुसऱ्या डिस्कवर असेल. इथं पहिली गोष्ट कळली जी पैसे देताना कुणी सांगत नाही. रेड वन म्हणजे आरसा. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर चालतं, एवढंच. आरशासमोर उभं राहून मिशी कापली तर आरशातली पण कापली जाते. डिलीट दोन्हीकडून एकाच वेळी झालं. बरं, नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून काढलेली फाइल लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये पण जात नाही, सरळ जाते. डब्याचं स्वतःचं रिसायकल बिन असतं, पण ते प्रत्येक फोल्डरला टिक मारून चालू करावं लागतं, अन् आमच्या 'डेटा'ला ती टिक नव्हती. स्नॅपशॉट म्हणून एक सोय असते, फोल्डर काल कसं होतं ते जपून ठेवणारी, ती पण बंद. सगळ्या सोयी डब्यात होत्या. एकही चालू नव्हती.

अण्णा पोराला रागावले नाहीत. मला म्हणाले, "त्याला कामून बोलायलास, दार तूच सताड उघडं ठेवलास."

तर त्याच रात्री बसलो. मार्केट यार्डातून मिळालेल्या कॅलेंडरच्या पाठीमागं पट्टीने आखलं, आडवी माणसं, उभी फोल्डरं, अन् प्रत्येक चौकोनात काय लिहायचं ते ठरवलं. लिहिणार, बघणार, की दिसणारच नाही. हे सोपं वाटतं. करून बघा. वहिनींच्या प्रश्नपत्रिका पुतण्याला दिसायला नकोत, कारण तो त्यांच्याच क्लासला बसतो. माझ्या व्यापाऱ्यांचे हिशोब दादाला दिसायला नकोत, कारण त्यातले दोघं त्याचे पण गिऱ्हाईक आहेत अन् लग्नाच्या पॅकेजचा भाव तो माणूस बघून सांगतो. दादाचं एडिट व्हायच्या आधीचं शूटिंग कुणालाच नको. कागदपत्रं, म्हणजे सातबारा, फेरफार, विम्याच्या पावत्या, अण्णांनी लिहायची, मी अन् दादाने बघायची. हे एकेक विचारता विचारता रात्रीचा दीड वाजला, अन् घरात दोन विषय असे निघाले जे डब्याच्या आधी कुणी काढले नव्हते. ते इथं लिहीत नाही.

डब्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, ते दिसायला चांगलंय. युजर वेगळे, ग्रुप वेगळे, शेअर्ड फोल्डर वेगळी. पहिला सल्ला, ते एकच मोठं 'डेटा' फोल्डर मोडून टाका अन् पाच-सहा वेगळी शेअर्ड फोल्डर करा. एका फोल्डराच्या पोटात सबफोल्डर करून प्रत्येकाला वेगळी परवानगी देता येते, पण त्यात आठ दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळत नाही कुठं काय दिलंय. वरच्या पातळीवर वेगळं केलं की एका टेबलात सगळं दिसतं. मी 'कागदपत्र', 'वाडा', 'हिशोब', 'शूटिंग', 'क्लास', अन् सगळ्यांसाठी 'ओसरी' अशी सहा केली. शिवाय प्रत्येकाला डबा स्वतःचं एक घर देतो, 'होम' नावाचं, ते ज्याचं त्यालाच दिसतं, पुतण्याचे गेम तिकडं गेले.

दुसरं, ग्रुप करा. मी 'घर' नावाचा ग्रुप केला, त्यात पाचही जण. अन् इथंच पहिला मोठा घोळ झाला.

मी असं केलं की 'घर' ग्रुपला 'कागदपत्र' फोल्डरावर सरळ 'नो ॲक्सेस' दिलं, म्हणजे कुणालाच नको, अन् मग अण्णांना एकट्याला नावानिशी 'रीड राइट' दिलं. माझ्या डोक्यात असं की माणसाला स्वतःच्या नावाने दिलेलं वजनदार असणार. सकाळी अण्णा लॅपटॉप घेऊन बसले अन् पाच मिनिटांत हाक.

"अरे, माझं घर, माझी कागदं, अन् हे डबडं मलाच नाही म्हणायलंय का रे?"

मी जाऊन बघतो तर खरंच, परवानगी नाही म्हणून पाटी. पुन्हा टिक मारली, सेव्ह केलं, लॅपटॉप बंद-चालू केला, तीच पाटी. अर्धा दिवस गेला. मग कळलं नियम काय आहे ते. माणूस दोन ठिकाणांहून परवानगी घेतो, स्वतःच्या नावाने अन् ग्रुपच्या नावाने, अन् दोन्हींत भांडण लागलं तर 'नाही' जिंकतं. नाही सगळ्यात वर, त्याखाली 'लिही', त्याखाली 'फक्त बघ'. म्हणजे एकाने बघ म्हटलं अन् दुसऱ्याने लिही म्हटलं तर लिहिता येतं, पण कुणी एकाने जरी नाही म्हटलं की संपलं. गावाकडं वाटणीपत्रावर चार भावांच्या सह्या लागतात तसं आहे, तिघांनी केली अन् एकाने हात आखडला की कागद तसाच. अण्णा 'घर' ग्रुपात होते, ग्रुपला मी नाही म्हटलं होतं, म्हणून अण्णांना नाही.

यावर उपाय असा की 'नाही'ची टिक वापरायचीच नाही. ज्याला द्यायचं नाही त्याचा चौकोन रिकामा सोडायचा. रिकामा म्हणजे पण प्रवेश नाहीच, फक्त तो दुसरीकडून मिळालेली परवानगी खोडत नाही. हा फरक डब्याच्या पानावर एका बारक्या प्रश्नचिन्हात लपवून ठेवलाय. गेलेला एक स्टार मुख्यतः ह्याचा. अन् हो, मराठी मेनू नाही. अण्णा इंग्रजी वाचतात, पण त्यांच्या वयाच्या माणसाला 'इनहेरिटेड' अन् 'एक्स्प्लिसिट' हे शब्द परवानगीच्या पानावर बघून काय कळावं? मलाच दोनदा वाचावं लागलं. पहिलं म्हणजे वरच्या फोल्डराकडून वारशाने आलेली परवानगी, दुसरं म्हणजे त्या फोल्डराला वेगळी बसवलेली.

कुणाला नक्की काय मिळतंय हे बघायला युजरच्या पानावर एक शेवटचा रकाना असतो, सगळी गोळाबेरीज करून आलेलं उत्तर दाखवणारा. आपण मारलेल्या टिका बघत बसण्यापेक्षा तो रकाना बघा. माझा अर्धा दिवस वाचला असता.

दुसरा घोळ विंडोजचा, त्यात डब्याचा काही दोष नाही. सगळ्यांना आपापले युजर करून दिले, पण लॅपटॉप जुन्याच एका नावाने आत जात होते, अन् नव्या नावाने जायला लागलं की विंडोज म्हणतं एकाच सर्व्हरला, म्हणजे इथं डब्याला, एकाच वेळी दोन नावांनी जाता येत नाही. एरर १२१९. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, पासवर्ड चुकीचा दिला तुम्ही. पासवर्ड बरोबरच होता. विंडोजने जुना पासवर्ड पोटात धरून ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून डब्याच्या नावाची नोंद काढायची, लावलेला झेड ड्राइव्ह तोडायचा, लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, मग नव्या नावाने जायचं. तपासणी करताना दोन नावांनी एकदमच जायचं असेल तर एक जुगाड आहे, एकदा डब्याच्या नावाने जा अन् एकदा आयपी आकड्याने, म्हणजे घरच्या नेटवर्कवर डब्याला मिळालेल्या नंबराने, विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात. पाच लॅपटॉप, प्रत्येकी वीस मिनिटं, मधे जेवण.

अजून एक, बिनपासवर्डाचा गेस्ट ठेवू का असा मोह होतो, पाहुण्यांसाठी वगैरे. ठेवू नका. विंडोज ११ प्रो तर २४एच२ ह्या आवृत्तीपासून गेस्टला आपणहूनच अडवतं.

आता गमतीचा भाग. सगळं लावून झालं, कॅलेंडरवरचा प्रत्येक चौकोन तपासला, पुतण्याच्या नावाने लॉगिन करून 'शूटिंग' उघडून बघितलं, नाही म्हणतंय, छान. त्याच संध्याकाळी पाहुणे आले. दादाच्या सासुरवाडीकडची मंडळी. पोराने भारी टीव्ही दाखवायचा म्हणून रिमोट घेतला, टीव्हीत डब्याचं नाव आपोआप दिसत होतं, त्याने दाबलं, अन् पन्नास इंची पडद्यावर कुणाच्या तरी प्री-वेडिंगचं कच्चं शूटिंग सुरू. नवरदेव धबधब्याखाली चौथ्यांदा पाय घसरून पडतोय अन् कॅमेऱ्यामागून दादाचा आवाज, "हसू नको, पुन्हा ये." अन् पाहुण्यांत एक बाई म्हणाल्या, अय्या हा तर आमच्या जावेच्या भावाचा पोरगा. दादा पाणी आणायला म्हणून आत गेला ते पंधरा मिनिटं बाहेर आला नाही.

मी एवढ्या टिका मारल्या त्यांचं काय झालं? तर टीव्ही फोल्डर उघडतच नाही. डब्यात मीडिया सर्व्हर म्हणून वेगळा प्रोग्राम असतो, डीएलएनए नावाच्या पद्धतीने चालतो, तो स्वतः जाऊन व्हिडिओंची यादी करतो अन् घरातल्या ज्या कुठल्या टीव्हीने मागितलं त्याला देतो. त्या पद्धतीत युजर-पासवर्ड हा प्रकारच नाही. टीव्ही विचारतो, सर्व्हर देतो. तुमच्या वायफायवर जो आहे तो बघू शकतो. म्हणून त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कुठल्या फोल्डरांची यादी करायची ते वेगळं सांगावं लागतं. मी सगळं काढून फक्त 'ओसरी' ठेवलं. परवानग्यांचं पान पूर्ण भरून झालं तरी असे मागचे दरवाजे आहेत का ते बघा, मीडिया सर्व्हर, फोटोंचं ॲप, शेअर लिंका. दादाने पुण्याला बहिणीला पाठवलेली एक लिंक तीन महिने उघडीच होती, पासवर्ड नाही, मुदत नाही. लिंक ज्याच्या हातात पडली त्याला फोल्डराच्या परवानगीशी काही देणंघेणं नसतं. आता प्रत्येक लिंकेला सात दिवसांची मुदत अन् पासवर्ड.

स्कॅनरचं थोडक्यात. अण्णांचा स्कॅनर जुना, तो थेट डब्यात फाइल टाकू शकतो पण फक्त एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीने. दुकानातल्या पोराने ती चालू करून ठेवली होती. मी बंद केली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा जो व्हायरस जगभर पसरला तो ह्याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. स्कॅनरला एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची दुसरी एक पद्धत, पण येत होतं, मग त्याच्यासाठी 'स्कॅनर' नावाचा वेगळा युजर केला, त्याला एकाच फोल्डरात लिहिता येतं, बाकी डबा त्याला दिसतच नाही. यंत्राला पण माणसासारखंच वेगळं नाव द्यायचं, हे मला आवडलं.

आता 'वाडा' फोल्डराकडं येतो, कारण माझे दुसऱ्या रविवारचे सहा तास तिथं गेले.

अण्णा पुन्हा स्कॅन करायला बसले होते. मला वाटलं ह्यांना अशी परवानगी देऊ की फाइल टाकता येईल पण पुसता येणार नाही. मग चुकून पण काही जाणार नाही. डब्यात ती सोय आहे, ॲडव्हान्स्ड परवानग्यांमध्ये लिहिणं अन् डिलीट करणं ह्या वेगळ्या टिका आहेत. डिलीटच्या दोन्ही टिका काढल्या, स्वतःवर खूश झालो. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "नाव बदलना झालंय." स्कॅनर फाइल टाकतो ती 'स्कॅन ००१४' अशा नावाने. तिला 'ओसरीवर आजोबा, मागं रामतीर्थची बैलजोडी' असं नाव द्यायला गेलं की परवानगी नाही.

लई डोकं खाजवलं. तर गोष्ट अशी आहे की नाव बदलणं म्हणजे यंत्राच्या लेखी जुनं नाव पुसून नवं लिहिणं, म्हणून त्याला डिलीटची परवानगी लागते. एक्सेल-वर्डचं पण तेच, ते फाइल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल बनवतात अन् मग जुनी काढून तिचं नाव नवीला देतात, डिलीट नसेल तर सेव्ह होत नाही अन् फोल्डरात विचित्र नावांच्या तात्पुरत्या फायली साचत जातात. 'लिही पण पुसू नको' हे ऐकायला जितकं शहाणपणाचं, तितकंच वापरायला निरुपयोगी. टॅलीचं तर अजून वेगळं, 'हिशोब' फोल्डर मी माझ्या असिस्टंटला फक्त बघायला दिलं होतं तर टॅली नीट चालेचना, त्याला डेटाच्या फोल्डरात स्वतःचं काहीबाही लिहावंच लागतं. तिथं कुणी काय बघायचं ते टॅलीच्या आतल्या युजरांनीच ठरवायचं.

मग शेवटी असं केलं. अण्णांना 'वाडा'वर पूर्ण लिहायची परवानगी. पोराला, दादाला, वहिनींना फक्त बघायची. त्या फोल्डराचं रिसायकल बिन चालू, अन् ते रिकामं करायचा हक्क फक्त ॲडमिनला, म्हणजे डबा सांभाळणाऱ्या मला. वर रोज रात्री दोन वाजता स्नॅपशॉट, ३० दिवस जपायचे. स्नॅपशॉटला जागा फार लागत नाही, जेवढं बदललं तेवढंच साठतं. फक्त आधी बघून घ्या, ही सोय डिस्क बीटीआरएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तरच आमच्या डब्यात मिळते, ईएक्सटी४ असेल तर नाही, अन् नंतर बदलायचं म्हणजे सगळा डेटा काढून पुन्हा फॉरमॅट. आमच्या नशिबाने दुकानातल्या पोराने बीटीआरएफएस केलं होतं. चुकून केलं असणार, पण केलं होतं. आणि महिन्यातून एकदा सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क मावशीच्या घरी, अंबाजोगाईला.

बघायची परवानगी म्हणजे कॉपी करायची पण परवानगी, एवढं ध्यानात ठेवा. जे वाचता येतं ते आपल्या लॅपटॉपवर उतरवता येतं, ते अडवायची टिक नाही.

मराठी नावांबद्दल एक, हे मला कुठंच लिहिलेलं सापडलं नाही, अण्णांमुळं कळलं. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणून तिकडं कुणाला कधी अडत नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, अन् काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजतात, म्हणजे 'की' ला सहा बाइट झाले. हिशोब केला तर सगळं मिळून ८५ चिन्हं. अण्णा एका फोटोत अकरा जणांची नावं लिहायला निघाले होते, सहाव्या काकांपाशी डबा थांबला. फोल्डर एन्क्रिप्ट केलं, म्हणजे कुलूपबंद, तर आमच्या डब्यात १४३ बाइटच, म्हणजे ४७ चिन्हं. म्हणून 'वाडा' एन्क्रिप्ट केलं नाही. उरलेली नावं अण्णा आता त्याच फोल्डरात एका वहीसारख्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितात.

एन्क्रिप्शन दादासाठी केलं. त्याने एक दिवस सरळ विचारलं, "तू ॲडमिन हायस ना, मग तुला माझं सगळं दिसत असेल." मी म्हटलं टिक नाही माझी. "पण तू मारू शकतोस ना टिक?" मारू शकतो, खोटं कशाला बोलू. ॲडमिन स्वतःला कधीही परवानगी देऊ शकतो, त्याला अडवणारी सोय नाही. मग 'शूटिंग'ला कुलूप लावलं, किल्ली दादाच्या जवळ, डबा बंद-चालू झाला की त्यानेच येऊन उघडायचं. उघडं आहे तोवर मात्र मी आत जाऊ शकतोच. ते पण सांगितलं. तो हसला, म्हणाला राहू दे.

बाकीचं पटापट. वेग, डबा गिगाबिटचा आहे, केबलने सेकंदाला ११० एमबीच्या आसपास देतो, पण आमच्या इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरची भोकं १०० एमबीपीएसची निघाली, तिथं अकरा-बारा एमबीच. दादाचं १०० जीबीचं लग्न अडीच तास चालायचं. मधे केबली जोडायचा एक गिगाबिटचा स्विच टाकला, आता पाव तास. गरमी, डबा आधी कपाटावर होता, मे महिन्यात दुपारी डिस्क ५१ अंश दाखवायला लागली, मग हॉलमध्ये खाली फरशीजवळ आणला. लाईट, हे इथं सांगायची गरज नाही, वळवाचा पाऊस आला की गेलीच, म्हणून छोटा यूपीएस घ्याच अन् यूएसबीने डब्याला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की डबा नीट बंद होतो. बाहेरून बघायचं असेल तर राउटरमध्ये ४४५ चं पोर्ट, म्हणजे एसएमबीचं दार, उघडू नका, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी, व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची कुलूपबंद वाट, लावा.

घ्यावा का? एकट्याचं काम असेल तर नका घेऊ, एक चांगली डिस्क अन् तिची एक कॉपी पुरे. घरात तीन-चार जण असतील अन् प्रत्येकाचं काम वेगळं असेल तर घ्या, पण बसवणाऱ्याला वीस मिनिटांत सोडू नका, दुकानातून निघायच्या आधीच विचारा परवानग्या कोण लावून देणार. अन् 'ज्याला परवानगी नाही त्याला फोल्डर दिसूच नये' ही टिक मारा. ती नव्हती तोवर पुतण्याला 'क्लास' फोल्डराचं नाव दिसायचं, उघडायचं नाही, अन् तो रोज आईला विचारायचा त्यात काय आहे.

अण्णांची १४० नावं परत टाइप करून झालीत. परवा मला बोलावलं, कॅलेंडरचा तो कागद समोर धरला, 'वाडा'च्या रकान्यात माझ्या नावापुढं 'लिही' होतं, त्यावर बोट ठेवलं. "हे कामून? तुलाबी नुसतं बघायचंच ठेव." म्हटलं अण्णा, मी ॲडमिन आहे, माझ्यावर ठेवून काही उपयोग नाही, मी कधीपण बदलू शकतो. म्हणाले, "ठाऊक हाय. तरी ठेव." ठेवलं.